पाणी आणि सावलीच्या वाटा

आमच्या घरी उन्हाळी सहलीची सुरुवात छागलीपासून व्हायची. जाड कापडाची ती पिशवी आदल्या रात्री बादलीत भिजत पडलेली असे. पहाटे साडेतीनला वडील ती भरून जीपच्या पुढच्या बाजूला बांधायचे. कापडातून पाणी झिरपायचं, वारा लागला की उडायचं आणि मनसर येईपर्यंत आतलं पाणी फ्रीजला मागे टाकील इतकं गार व्हायचं. आता गाडीत एसी आहे आणि थंड पाण्याची बाटली कुठंही मिळते. तरी माझी निघायची वेळ तीच आहे. पहाटे चारला शहर सोडायचं, अकराच्या आत सावली गाठायची आणि उन्हं कलल्याशिवाय तिथून हलायचं नाही. २३ मे २०१३ रोजी ज्या नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला, त्या शहराच्या माणसाला उन्हाळ्यात फिरायचं तर हे पाळावंच लागतं.

गेल्या उन्हाळ्यात, मे अखेरचा कडक नवतपा लागायच्या आधी आणि नंतर, मी नागपूरच्या चारी दिशांना जमेल तेवढा फिरलो. मे महिन्यात घराबाहेर पडण्याला आपल्याकडे वेडेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. विदर्भाची जमीन तिच्या खऱ्या रूपात दिसते ती मे महिन्यातच. पाणी कुठं आहे, ते कुणी राखलं आणि सावली कुणी लावली, हे पावसाळ्यात झाकून जातं. उन्हाळ्यात ते उघडं पडतं.

पहिली वाट रामटेकची. जेमतेम पन्नास किलोमीटर. सूर्य वर यायच्या आत गडाच्या पायऱ्या चढून जावं. वर थोरल्या रघूजी भोसल्यांनी जीर्णोद्धार केलेलं राममंदिर, खाली अंबाळा तलाव, पलीकडे खिंडसीचं पसरलेलं पाणी आणि दक्षिणेला नगरधन, म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता लहान मुलांच्या नावानं राज्य चालवत होती ते इथंच. वा. वि. मिराशींनी ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, हे मत हिरिरीनं मांडलं. विद्वानांचा वाद चालू राहो, मी मिराशींच्या बाजूचा आहे, आणि माझं कारण साधं आहे. कालिदासानं पहिल्याच श्लोकात या डोंगराच्या दोनच गोष्टी सांगितल्या आहेत. सीतेच्या स्नानानं पवित्र झालेलं पाणी आणि गर्द सावलीची झाडं. डोंगराची उंची नाही, शिखर नाही, देखावा नाही. शापाचं वर्ष भोगणाऱ्या यक्षानं आख्खा उन्हाळा त्या डोंगरावर काढला आणि मग आषाढात ढग पाहिला. इथला मे महिना ज्यानं सोसला, त्यालाच ढग दिसल्यावर असं भरून येतं, असं मला गडावर उभं राहिलं की दरवेळी वाटतं.

मनसरहून उजवीकडे न वळता सरळ गेलं, की पेंचचं जंगल लागतं. जुना सात नंबरचा हायवे तो हाच, आताचा ४४. रस्त्याच्या चौपदरीकरणावरून इथं मोठा झगडा झाला, कारण वाघांची ये-जा या रस्त्याला आडवी होती. त्यातून मार्ग निघाला तो नऊ पुलांचा. गाड्या वरून जातात, जनावरं खालून. कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रांत वाघ, बिबटे, रानकुत्रे, चितळ असे सगळे त्या पुलांखालून जाताना दिसतात. हे काम झालं याचा मला अभिमान वाटतो. दुःख वेगळ्या गोष्टीचं आहे. शहराभोवतालच्या रस्त्यांवर चिंच, आंबा, कडुनिंबाची जी जुनी झाडं होती, ती रुंदीकरणात गेली. बैलगाडीवाल्यांसाठी लावलेली ती झाडं दुपारी बाराला रस्त्यावर सलग काळी सावली धरत. आता दुभाजकात कण्हेर फुलते. ती दिसायला छान आहे, पण तिच्याखाली माणूस बसू शकत नाही.

पेंचच्या पाण्याशी तर आपलं रोजचं नातं आहे. तोतलाडोहाचं पाणी खाली नवेगाव खैरीला येतं आणि तिथून आपल्या नळाला. याच जंगलात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मी मचाणावर होतो. वन विभाग दरवर्षी पाणवठ्यांवर लोकांना बसवून प्राण्यांची नोंद करवतो. दुपारी वर चढायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच उतरायचं. बोलायचं नाही, अत्तर लावायचं नाही. सागाची पानं गळून गेलेली, कुल्लूचं एक झाड चांदण्यात चुन्यानं सारवल्यासारखं उभं. नाल्याकाठचे अर्जुन मात्र हिरवेगार होते. आधी मोर आले, मग वानरं. अंधार पडल्यावर रातव्याची चकचक सुरू झाली. साडेअकराच्या सुमाराला पाचोळा जोरात वाजला आणि एक अस्वल सरळ पाण्यात पुढचे दोन पाय घालून उभं राहिलं. ते किती वेळ पीत होतं! त्याच्या घशाचा आवाज मचाणापर्यंत येत होता. वाघ आला नाही. मी कागदावर अस्वल एक, सांबर चार, चितळ अकरा असं लिहिलं आणि मन तृप्त झालं. २०२४ मध्ये पेंच हे देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं. पौर्णिमा सोडून अंधाऱ्या रात्री सिल्लारीकडे गेलात, तर त्याचा अर्थ कळेल.

ताडोब्याबद्दल फार लिहीत नाही. त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि मे महिन्यात तिथं वाघापेक्षा जिप्सींचीच रांग जास्त लागते.

थंड हवाच हवी असेल तर सातपुडा चढावा लागतो. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर आणि उन्हाळी राजधानी पचमढी. जेम्स फॉर्सिथनं तिथं बायसन लॉज बांधलं ते १८६२ मध्ये. पुढे राज्यं बदलली, १९५६ नंतर पचमढी एकीकडे राहिली आणि आपण दुसरीकडे आलो. पण आपल्या खेड्यापाड्यांतली माणसं साहेबाच्या वाटेनं कधी गेलीच नव्हती. ती महादेवाच्या वाटेनं जात होती, आणि अजून जातात. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढणाऱ्यांत आणि श्रावणात नागद्वारीला जाणाऱ्यांत निम्मी बोली वऱ्हाडी-नागपुरी ऐकू येते. माझी आजी नवस फेडायला गेली होती. पचमढीला थंडावा असतो हे तिनं कधी सांगितलं नाही. पायऱ्यांवर भेटलेल्या बायकांच्या गोष्टी मात्र आयुष्यभर सांगितल्या.

या वाटेवर सावनेर सोडलं की सौंसर लागतं. नकाशात मध्य प्रदेश, दुकानांत मराठी आणि रस्त्याच्या दोन्ही हातांना संत्र्याच्या बागा. मे महिन्यात त्या बागांची पानं मलूल होऊन वळलेली दिसतात. माझ्या पुण्याच्या भाच्यानं विचारलं, “मामा, यांच्याकडे पाणी नाही का?” काही बागांत खरंच नसतं. पण बऱ्याच ठिकाणी मृग बहारासाठी झाडाला मुद्दाम ताण दिलेला असतो. पाणी तोडायचं, झाडाला विश्रांती द्यायची, म्हणजे पावसाच्या पहिल्या सरीनंतर ते फुलांनी लगडतं. मृग लांबला तर तोच ताण बागेच्या जिवावर येतो. तेव्हा बागेच्या कडेला गाडी थांबवून फोटो काढताना शेतकऱ्याशी दोन शब्द बोलावेत. पुढे छिंदवाड्यापर्यंत पूर्वी छोट्या लाइनची गाडी जायची. ती २०१५ मध्ये थांबली. आता ब्रॉडगेज आहे. छिंदवाड्यापुढे तामिया येतं, आणि तिथून जवळच पातालकोटची खोल दरी. भारिया लोक त्या दरीच्या तळाशी राहतात. मुक्कामाला मी पचमढीपेक्षा तामिया निवडीन.

चिखलदऱ्याला विदर्भाचं महाबळेश्वर म्हणायची सवय सोडायला हवी. अकराशे मीटरच्या आसपास उंची, कॉफीची झाडं, गवळ्यांचा खवा आणि डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीनं घेतलेला गाविलगड, एवढं वैभव असलेल्या गावाला दुसऱ्याचं नाव कशाला? पण मे महिन्यात तिथं जाणाऱ्यानं एक लक्षात ठेवावं. आजूबाजूच्या कोरकू गावांत तेव्हा बायका टँकरची वाट पाहत असतात. हॉटेलात बादली भरून वाहू देताना मला आता लाज वाटते.

कुही तालुक्यात वैनगंगेच्या काठी अंभोरा आहे. चैतन्येश्वराचं देऊळ आहे, आणि मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथंच रचला अशी इथली श्रद्धा आहे. आता तिथं तारांनी तोललेला भव्य पूल झालाय आणि त्यावरून दिसणारी संध्याकाळ अपूर्व आहे. समोरचा तो जलाशय गोसीखुर्दचा आहे. त्याच्या पोटात घरं, शेतं, देवळं गेली आहेत. काठावर मासे विकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गाव विचारलं, तर त्यानं बोट पाण्याकडे केलं.

सगळ्यांत शेवटी मी नवेगावबांधला गेलो, आणि सगळ्यांत जास्त दिवस तिथंच राहिलो. साकोलीहून आत वळलं की हवा बदलते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधली जागा हेरून हा तलाव बांधला. भोवतालच्या टेकड्या म्हणजे सात बहिणी, आणि बांधाला त्यांनीच हात लावला, असं लोक सांगतात. कोहळ्यांनी या भागात असे असंख्य तलाव बांधले. धान पिकवायचं तर पाऊस अडवलाच पाहिजे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मालगुजारी गेली, तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले, आणि त्यांचं लाडकं नाव पडलं ‘मामा तलाव’. मारुती चितमपल्ली इथं वनाधिकारी होते. त्यांनी पक्ष्यांची आणि झाडांची नावं गोंड, ढिवर, माना लोकांच्या तोंडून शिकून मराठीत आणली. जून २०२५ मध्ये ते गेले. तलावाच्या पाळीवर बसलो असताना समोर कमळपक्षी वेलींच्या पानांवरून चालत होता, आणि हे नाव मला कुणामुळे माहीत आहे ते आठवून डोळे भरून आले.

दुपारी मोहाखाली आम्ही रोडगे केले. कणकेचे तेल लावलेले पदर एकावर एक ठेवून गोळा वळायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा, वर राख ओढायची. तासाभरानं काढून फडक्यात झटकला की आत पापुद्रे सुटलेले असतात. सोबत वांग्याची भाजी, वरण आणि तूप. आमचे यजमान ढिवर होते. त्यांच्या वहिनी जेवायला उशिरा आल्या, साडीचा काठ गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. गावाजवळच्या एका लहान तलावाचं पाणी आटलं होतं, आणि तेवढ्या दिवसांत बायका मिळून तिथली बेशरमची झुडपं मुळापासून उपटत होत्या. ती माजली की माशांना जागा उरत नाही. तळ नांगरून ठेवायचा आणि पाऊस पडला की जुन्या पाणवनस्पती पुन्हा लावायच्या. ढिवर बायकांनी इकडच्या काही तलावांत हे करून दाखवलंय.

मी विचारलं, “भर उन्हात कशाला? सकाळी नाही का जमत?”

“सकाळी तं करतोच जी,” त्या हात धूत म्हणाल्या. “पण पानी येईल नं आता. दिवस किती रायले?”

जेवून त्यांनी पदर डोक्यावर घेतला, एक रोडगा फडक्यात बांधला आणि परत तलावाकडे निघाल्या. मीही मागून गेलो. संध्याकाळपर्यंत माझ्याच्यानं चार झुडपं निघाली.