टाकीतले तांबडे किडे

चैत्र यात्रेच्या तोंडावर जोतिबाच्या डोंगरावरच्या एक आजी बाटली घेऊन दवाखान्यात आल्या. तळाशी दोऱ्यासारखे तांबडे किडे वळवळत होते. "डॉक्टर, नातवाच्या पोटात ह्येच गेल्यात. जंताचं औषध द्या." नातवाला दोन दिवस जुलाब होत होते.

भिंगातून पाहिले. अंगावर गांडुळासारखी वळी, पाय नाहीत, डोके वेगळे दिसत नाही. हा ट्युबिफेक्स, गांडुळाचा पाण्यातला भाऊबंद. डोके गाळात खुपसून तो शेपटी पाण्यात हलवतो व तिच्यातून प्राणवायू घेतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनमुळे तो तांबडा दिसतो. असाच तांबडा, पण स्पष्ट डोके व आखूड पाय असलेला किडा म्हणजे डासासारख्या, न चावणाऱ्या माशीची अळी. नारूची भीती नको. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

ट्युबिफेक्स माणसाच्या आतड्यात राहत नाही, म्हणून जंताची गोळी इथे व्यर्थ. पण कुजका गाळ व त्यातले जिवाणू हे त्याचे अन्न. तो दिसला की तळाशी घाण साठली आहे असे समजावे. अशा पाण्यातल्या रोगजंतूंनी जुलाब होऊ शकतात.

टाकी उपसून गाळ काढा, घासा, टीसीएल पावडरच्या पाण्याने धुवा, झाकण घट्ट बसवा. गाळ तसाच ठेवून नुसती पावडर टाकू नका. पिण्याचे पाणी गाळून उकळा. जुलाब झाल्यास जलसंजीवनी द्या. शौचातून रक्त पडले, ताप आला किंवा लघवी कमी झाली तर ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

नातू जलसंजीवनीवर सावरला. आजींच्या टाकीतून चार बोटे गाळ निघाला. तुमची टाकी शेवटची कधी उपसली होती?