नदीचं गणित – भाग ५ : पंप कधी बंद करायचा?

गेल्या आठवड्यात नदीतला विरघळलेला प्राणवायू पाहिला. ते गणित रोज येणाऱ्या सांडपाण्याचं. आजचं गणित एकदाच, अचानक सांडलेल्या विषाचं.

नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात टँकरमधलं रासायनिक सांडपाणी वालधुनी नदीत सोडलं गेलं आणि विषारी वायूमुळे काठावरच्या शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. वालधुनीचं पाणी कोणी पीत नाही. उल्हास नदीचं मात्र आपण सगळेच पितो. बदलापूरचा बंधारा, जांभूळ, मोहिली, शहाड या प्रत्येक ठिकाणी पाणी उचललं जातं. असाच टँकर उल्हासच्या काठी उलटला तर उदंचन केंद्रातल्या माणसाचे प्रश्न दोनच : पंप कधी बंद करू आणि पुन्हा कधी सुरू करू? संगणकातलं प्रतिमान असतं ते याच उत्तरासाठी.

एक हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. पंप नदीच्या वाटेनं १५ किलोमीटर खाली आहे आणि उन्हाळ्यात पाण्याचा वेग सेकंदाला ०.३ मीटर आहे. म्हणजे विष साधारण १४ तासांनी पोहोचेल. पण सगळं एकदम पोहोचत नाही. कल्याणला लोकलमधून एकाच वेळी उतरलेली गर्दी पुलावरून जाताना लांबत जाते. घाईतले पुढे निघतात आणि काही जण वडापावच्या गाडीशी रेंगाळतात. नदीतही मधला प्रवाह वेगवान असतो, काठचा मंद. वेगातल्या या फरकामुळे मिसळलेला पदार्थ लांबीच्या दिशेनं पसरतो, हे जेफ्री टेलर यांनी १९५३ मध्ये नळीतल्या प्रवाहावर दाखवलं. नदीसाठी हा पसरण्याचा गुणांक सेकंदाला १० चौरस मीटर धरला, तर पंपापाशी येईपर्यंत तो पट्टा सुमारे चार किलोमीटर लांब झालेला असेल. आघाडी बाराव्या तासाला आणि शेपूट सोळाव्या तासाच्या आसपास. म्हणजे चौदाव्या तासाची वाट पाहणारा दोन तास विष उपसत बसेल. पसरण्याचा फायदा इतकाच, की तीव्रता उतरते : चौपट वेळ गेला की शिखर निम्मं. जुलैत वेग पाचपट झाला, तर हातात तीन तासही उरत नाहीत.

या वाहण्या-पसरण्याचं समीकरण जुनं आहे आणि साध्या लॅपटॉपवर सुटतं. अवघड आहे ती नदी. बंधाऱ्यामागे पाणी तुंबतं, जलपर्णीखाली प्रवाह मंदावतो आणि तिथे अडकलेलं विष नंतर हळूहळू सुटत राहतं. शेपटी गणितापेक्षा लांबते. शिवाय उन्हाळ्यात उल्हासमध्ये किती पाणी असेल हे बऱ्याच अंशी टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून किती सोडलं जातं यावर ठरतं. वीजनिर्मितीचं वेळापत्रक हाती नसेल तर कल्याणच्या पाण्याचा अंदाज चुकणार! त्यामुळे वेगवेगळ्या विसर्गाच्या वेळी नदीत निरुपद्रवी रंग सोडून तो कुठे किती वाजता पोहोचतो, हे आधीच मोजून ठेवावं लागतं. नाफ्त्यासारखा तवंग धरणारा पदार्थ असेल, तर हिशेब आणखी वेगळा. तो वर तरंगतो, वाऱ्यानं सरकतो, उडूनही जातो.

ऱ्हाईन नदीवर हे सगळं केलं गेलं, पण किंमत मोजल्यावर. १ नोव्हेंबर १९८६ ला बाझेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. बंबांच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत उतरली, पाणी लाल झालं, शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. खालच्या देशांना इशाराही उशिरा मिळाला. त्यानंतर काठच्या देशांनी मिळून ऱ्हाईनसाठी इशारा-प्रतिमान तयार केलं. रंग सोडून घेतलेल्या चाचण्यांवर ते बेतलेलं आहे. सांडलेली जागा, वेळ आणि प्रमाण दिलं की पुढच्या गावांच्या वेळा मिळतात.

त्यात ‘वेळ’ द्यावी लागते, आणि आपली खरी अडचण तिथेच आहे. अपघात झालेला टँकरवाला कदाचित पोलिसांना कळवेल. चोरून नळी सोडणारा कशाला सांगेल? मग गणित उलटं चालवावं लागतं : खाली दिसलेल्या तीव्रतेवरून वर कुठे, किती वाजता काय पडलं असेल ते शोधायचं. त्यासाठी नदीत दिवसरात्र मोजणारे संवेदक हवेत, एका बाटलीतला नमुना पुरत नाही. माझ्या मते खर्चाचा पहिला रुपया प्रतिमानावर नव्हे, या संवेदकांवर जायला हवा.

कल्याणच्या रेतीबंदरापुढे मात्र हे सूत्र मोडतं. तिथे खाडी आहे. भरतीला पाणी मागे फिरतं आणि पुढे गेलेला पट्टा काही तासांनी परत येतो. ते पुढच्या भागात.