विषचिकित्सा आणि पहिला अर्धा तास

मृगाचा पाऊस पडून सोयाबीन-कपाशीची पेरणी आटोपली की आपल्या जिल्ह्यात सर्पदंशाचे दिवस सुरू होतात, ते खरिपाच्या काढणीपर्यंत चालतात. सातपुड्याच्या पायथ्याची जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील गावे असोत, ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेची असोत, की घाटावरील मेहकर-चिखलीकडील; निंदणास गेलेली स्त्री, धुऱ्यावर गवत कापणारा शेतकरी आणि घरात जमिनीवर अंथरूण टाकून निजलेले मूल, हेच बहुधा बळी ठरतात. दंश झालेला मनुष्य रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी पुष्कळदा वाटेत थांबतो. कधी मांत्रिकाच्या ओट्यावर, कधी आपल्या दवाखान्यात किंवा औषधी दुकानात. मांत्रिकाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्याविषयी फारसे लिहिले जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्नाचा आकार लहान नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख मृत्यू झाले. वर्षाला सरासरी 58 हजार. त्यांतील निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला आणि मार्च 2024 मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. आराखडा दिल्लीत होतो. दंश मात्र शेतात होतो, आणि तेथून सर्वांत जवळचा वैद्य आपण असतो.

आता मूळ मुद्दा. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तेविसाव्या अध्यायात विषाचे चोवीस उपक्रम सांगितले. त्यांत अरिष्टाबंधन, उत्कर्तन, निष्पीडन व चूषण आरंभीच येतात. सुश्रुतांनीही कल्पस्थानात हातापायास दंश झाल्यास दंशस्थानाच्या चार अंगुळे वर बंध बांधावयास सांगितले आहे. हे आपण सर्वांनी पदवीच्या वर्गात पाठ केले. त्यामुळे दोरी आवळणे वा ब्लेडने चिरा देणे हे अशास्त्रीय आहे असे कोणी म्हटले की आपल्यापैकी अनेकांना तो शास्त्राचाच अवमान वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या काळी विषाचा प्रतिकार करणारे दुसरे साधन हाताशी नव्हते, त्या काळी अवयव गमावून प्राण वाचविणे हा शहाणपणाचा व्यवहार होता. आज तो व्यवहार बदलला आहे. घोणसीचे (काही भागांत परड म्हणतात) विष मांस कुजविते. घट्ट बंधाने ते एकाच जागी कोंडले जाते व रक्तपुरवठाही तुटतो. बंध एकाएकी सोडला तर साचलेले विष एकदम शरीरात जाते. त्याच विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट होत असल्याने चिरा दिलेल्या जागेतून रक्त थांबत नाही. चूषणाने निघणारे विष तर नगण्यच. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे : मण्डली सर्पाच्या दंशावर दाहकर्म करू नये असा निषेध खुद्द सुश्रुतांनीच केला आहे. सर्पाच्या जातीप्रमाणे उपक्रम बदलावा, हे त्यांना मान्य होते. मग ज्ञानाप्रमाणे उपक्रम बदलण्यास आपली हरकत का असावी?

त्या चोवीस उपक्रमांत 'प्रतिविष' हाही एक आहे. चरकांचे प्रतिविष आणि आजची घोड्याच्या रक्तापासून बनणारी लस एक नव्हेत, हे मान्य. परंतु नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सर्पांच्या विषावर चालणारे प्रतिविष आज उपलब्ध आहे आणि शरीरात फिरणारे विष निष्प्रभ करणारे दुसरे सिद्ध औषध नाही.

सर्वांत अधिक फसगत मण्यारीची होते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने. ती रात्री घरात शिरते व निजलेल्यास चावते. दंशाच्या खुणा बारीक, वेदना जवळजवळ नाही, सूज नाही. रोगी पहाटे उठतो तो पोटदुखीने. सोबत मळमळ, घशात काही अडकल्यासारखे. सर्पाचे नावही कोणी काढत नाही. घरचे त्याला आपल्याकडे आणतात आणि अजीर्ण समजून हिंग्वाष्टक किंवा शंखवटी दिली जाते. तासा-दोन तासांत पापण्या जड होऊ लागतात, बोलणे अडखळते, थुंकी गिळवत नाही आणि पुढे श्वास थांबतो. म्हणून पावसाळ्यात पहाटे पोटदुखीचा रोगी आला की दोन प्रश्न विचारावेच : रात्री जमिनीवर निजला होता काय? आणि वर पाहता येते काय? पापणी पूर्ण उचलता येत नसेल तर चूर्णाची डबी बंद करून वाहन बोलवावे.

दंश झाल्याचे कळल्यावर आपल्या हातून होण्यासारखे काम थोडे आहे, पण ते मोलाचे आहे. रोग्यास धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठी, कडे, जोडवी, पैंजण सूज येण्याआधी काढावीत. दंश झालेला हात वा पाय फळीचा आधार देऊन, हाड मोडल्यावर बांधतो तसा, पण सैल बांधावा. तोंडाने काहीही देऊ नये; वमन तर नाहीच, कारण गिळण्याची शक्ती गेलेल्या रोग्यात वमनद्रव्य श्वासनलिकेत जाते. उलटी होत असल्यास वा शुद्ध हरपत असल्यास डाव्या कुशीवर निजवावे. श्वास मंदावला तर तोंडाने वा अंबू बॅगेने श्वास देत राहावे; मण्यार व नागाच्या दंशात एवढ्यानेच रोगी रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचतो. कोणी आधीच करकचून दोरी बांधून आणले असेल तर ती वाटेत सोडू नये, ते काम रुग्णालयात शीर लावल्यावर होऊ द्यावे. साप मारून आणण्याच्या नादात आणखी एकाला दंश होतो. दुरून मोबाईलवर छायाचित्र मिळाले तर ठीक, नाही तर लक्षणांवरून उपचार होतात.

औषधी दुकानदार बंधूंस विनंती अशी की वेदनेसाठी ॲस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नये, रक्तस्राव वाढतो. धनुर्वाताचे इंजेक्शन वा ॲलर्जीची गोळी हातावर ठेवून 'काही होत नाही, घरी जा' असे तर मुळीच सांगू नये. पुष्कळ दंश बिनविषारी सर्पाचे असतात आणि विषारी सर्पही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. असा रोगी कशानेही बरा होतो, आणि मग त्या कशाचीतरी गावभर ख्याती होते. या ख्यातीवर पुढचा, खरोखर विष भिनलेला रोगी विसंबतो. दंश कोणताही असो, रुग्णालयात चोवीस तास निरीक्षण हवेच.

सोबत चिठ्ठी द्यावी : दंशाची वेळ, प्रथम कोणते लक्षण केव्हा दिसले, काय दिले. तेथील वैद्यकीय अधिकारी कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवतात; न गोठल्यास घोणस वा फुरसे यांचे विष भिनल्याचे कळते. प्रतिविषाची मात्रा मुलांना व मोठ्यांना सारखीच लागते, कारण सर्प दोघांत विष सारखेच सोडतो. पालक घाबरून हरकत घेतात, तेव्हा हे आपणच समजावून सांगावे. राज्यात 2014 पासून धावणाऱ्या 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकांवर मोठ्या संख्येने बी.ए.एम.एस. पदवीधर काम करीत आले आहेत. म्हणजे रोगी आपल्या हातून आपल्याच बंधूच्या हाती जातो. रुग्णालयातून परतल्यावर दंशस्थानी राहिलेला व्रण महिनोन्महिने भरत नाही, तेव्हा व्रणचिकित्सेचे आपले ज्ञान खरोखर उपयोगी पडते.

विंचूदंशाबाबत एवढेच : घाम, हातपाय गार पडणे, उलट्या व छातीत धडधड ही लक्षणे दिसली तर तोही तातडीचा रोगी समजावा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपयोग सिद्ध केल्यापासून अशा रोग्यांतील मृत्यू पुष्कळ घटले. पण ते औषधही रक्तदाब पाहूनच द्यावयाचे असते.

मृग लागण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात व ग्रामीण रुग्णालयात स्वतः जाऊन पाहावे : प्रतिविष शिल्लक आहे काय, रात्री देणारा अधिकारी मुक्कामी असतो काय, आणि नसल्यास खामगाव वा बुलढाणा येथे पोहोचण्यास किती वेळ लागतो. ते कागदावर लिहून, खाली 108 व गावातील दोन वाहनधारकांचे क्रमांक घालून, दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर चिकटवावे.