हिरकणीच्या वाटेवर

आईच्या मायेवर मराठीत अमाप लिहिले गेले आहे आणि मराठीचा अध्यापक या नात्याने त्यातले पुष्कळसे मी वर्गात शिकवीत आलो आहे. त्या साहित्यातली आई सोसते, वाट पाहते, क्षमा करते. हिरकणीची गोष्ट जरा निराळी. गडाचे दरवाजे बंद झाले तेव्हा ती रडत बसली नाही. घरच्या तान्ह्यासाठी रायगडचा कडा उतरून गेली. पण ही कथा सांगताना माझ्या मनात नेहमी एक प्रश्न येतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एखाद्या गवळणीवर तीच वेळ आली असती, तर तिने काय करावे? कडा तर तसाच होता!

हा प्रश्न बालमधुमेही मुलांच्या आयांना रोज पडतो. पोक्तपणी जडणारा मधुमेह आपल्या घरोघर परिचयाचा आहे. हा मात्र वेगळा. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून स्वादुपिंडातील इन्सुलिन बनविणाऱ्या पेशींचा नाश करते. गोड खाल्ल्याने तो होत नाही, आईबापांच्या हयगयीनेही होत नाही. मुलाला सारखी तहान लागते, वरचेवर लघवी होते, खाऊनपिऊन ते वाळत जाते. वेळीच ओळखले नाही तर प्राणावर बेतते; आणि ओळखल्यानंतर इन्सुलिन जन्माचे सोबती होते.

हे इन्सुलिन नव्हते तेव्हा काय होत असे? अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स एव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ हिला १९१९ साली, अकराव्या वर्षी, हा विकार जडला. त्या काळी उपाय एकच : उपासमार. अन्न मोजूनमापून इतके तोडायचे की रोग मंदावावा आणि मूल जेमतेम जगावे. तीन वर्षांत ही मुलगी अवघ्या वीस किलोंवर आली. अशातच १९२२ च्या जानेवारीत टोरांटोला लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलावर इन्सुलिनचा पहिला प्रयोग झाला. ही वार्ता कळताच एलिझाबेथची आई अँटोनेट हिने डॉक्टर बँटिंग यांना पत्र घातले. औषध नाही, असे प्रथम उत्तर आले. तिने धीर सोडला नाही. ऑगस्टमध्ये ती मुलीला घेऊन टोरांटोला पोचली आणि पंधराव्या वर्षात अस्थिपंजर झालेली ती पोर पुढे वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत जगली. चाळीस हजारांहून अधिक सुया तिने टोचून घेतल्या. १९८१ मध्ये ती वारली.

ही अँटोनेट म्हणजे त्या देशीची हिरकणीच. पण औषध थोडे होते आणि दारात उभी असलेली मुले पुष्कळ होती. मंत्र्याच्या पत्नीचे पत्र जेथे पोचले, तेथे इतर किती आयांचे पोचले असते? आणखी एक गोष्ट मनाला चटका लावते. एलिझाबेथने आपला आजार जन्मभर झाकून ठेवला. अगदी जवळची मोजकी माणसे सोडली, तर कुणाला त्याचा पत्ता लागू दिला नाही. औषधाने जीव वाचला, पण भीती काही गेली नाही.

ती भीती चव्हाट्यावर आणून तिच्याशी झुंज घेण्याचे काम पुढच्या आयांनी केले. फिलाडेल्फियाच्या ली ड्युकॅट यांच्या मुलाला बालमधुमेह होता. १९७० साली त्यांनी अशाच इतर पालकांना जमवून ज्युव्हेनाइल डायबिटीस फाउंडेशन ही संस्था उभी केली. न्यूयॉर्कच्या कॅरोल ल्युरी यांनीही त्यात पुढाकार घेतला. रक्तातली साखर घरच्या घरी मोजण्याचे यंत्र तेव्हा घरोघर पोचलेले नव्हते. या आयांचे मागणे एका मुलापुरते नव्हते; संशोधन करा, रोगच मुळापासून घालवा, असे त्यांचे म्हणणे होते. संस्थेने पुढे संशोधनासाठी अब्जावधी डॉलर दिले आणि १९९९ पासून तर ही मुलेच वॉशिंग्टनला जाऊन लोकप्रतिनिधींपुढे आपले गाऱ्हाणे मांडू लागली. २०२४ मध्ये संस्थेने नाव बदलले. काम तेच आहे. रोग अजून हटलेला नाही, हे खरे. पण कड्यावर पायवाट पडली.

आपल्याकडे? आमच्या परिचयाच्या एका बाईंची नऊ वर्षांची मुलगी या विकाराची आहे. तासाच्या मध्येच डबा उघडला म्हणून शाळेत तिला उभे केले गेले. बाई शाळेत गेल्या. भांडल्या नाहीत, वर्गापुढे दहा मिनिटे बोलण्याची परवानगी मागितली. साखर एकाएकी उतरली की मूल घामाघूम होते, हात थरथरतात, अशा वेळी ग्लुकोज किंवा साखर ताबडतोब द्यावी. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा, एवढेच त्यांनी सांगितले. घरी नातलगांनी कान टोचले, "अहो, मुलीची जात! गाजावाजा कशाला? उद्या लग्नाचे पाहायचे आहे." बाई म्हणाल्या, "लपवलेल्या दुखण्याला मदतीला कोण धावणार, वन्सं?"

या उत्तराला आता सरकारदरबारचा आधारही आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दालनात खाण्याचे पदार्थ नेण्याची मुभा दिली. २०२३ साली राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने अशा मुलांना शाळेत साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, मधल्या वेळी खाऊ द्यावे, असे राज्यांना कळविले. नागपूरच्या ड्रीम ट्रस्टसारख्या संस्थांनी गरीब घरच्या मुलांना मोफत इन्सुलिन पुरविले. परंतु कागद वर्गापर्यंत आपोआप चालत जात नाही. तो हातात घेऊन कुणा आईलाच मुख्याध्यापकांच्या खोलीत जावे लागते.

दिवाळीत असे एखादे मूल आपल्याकडे फराळाला येईल. तेव्हा त्याच्यापुढची बशी उचलू नका, "अरेरे, एवढ्याशा वयात!" असा सुस्काराही टाकू नका. करंजीचा हिशेब त्या आईला तुमच्याआमच्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. त्या हिशेबानेच ती इन्सुलिनची मात्रा ठरविते. तिला एवढेच विचारा, "वहिनी, याला किती वाढू?"