मिनिटाला बेचाळीस थेंब

प्रवेशाच्या दिवसांत मुलीला घेऊन आलेले वडील एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, हिला गणिताची भीती आहे. नर्सिंगला चालेल ना?" बारावीला गणित नसलं तरी प्रवेश मिळतो, एवढं खरं. पुढचं उत्तर मी फळ्यावर देते.

500 मिलीलिटरची सलाईन, चार तासांत द्यायची. सेटच्या पाकिटावर छापलंय, एका मिलीलिटरला 20 थेंब. म्हणजे 10,000 थेंब, 240 मिनिटांत. मिनिटाला साधारण 42. गणित पाचवीतलं आहे हे बघून मुलीला हायसं वाटतं. मग मी तिला सलाईनच्या स्टँडपाशी उभी करते, हातात सेकंदकाट्याचं घड्याळ देते आणि सेटचं चाक फिरवून पंधरा सेकंदांत दहा-अकरा थेंब पडतील असं जुळवायला सांगते. आधी सोळा पडतात, मग सहा. हात स्थिर व्हायला पाचेक मिनिटं जातात. हृदय कमजोर असलेल्या आजोबांना हीच बाटली तासाभरात गेली, तर पाणी फुप्फुसात साचून त्यांना धाप लागू शकते. म्हणून हे सोपं गणित रात्री तीन वाजता, शेजारच्या खाटेवरचं बाळ रडत असतानाही चुकता कामा नये. कॉलेज सुरू होण्याआधी काही घोकायचंच असेल, तर ग्रॅम, मिलिग्रॅम, मायक्रोग्रॅम यांची अदलाबदल घोका. सगळ्या जाडजूड पुस्तकांची खरेदी नंतर केली तरी चालते.

"डॉक्टर सांगतील तेवढंच करायचं असतं"

हा समज घरोघरी आहे, आणि मला सर्वांत जास्त तोच खुपतो. डॉक्टरांचा राउंड एका खाटेपाशी काही मिनिटं थांबतो. त्यानंतर पूर्ण पाळीभर त्या रुग्णावर नजर असते ती सिस्टरची. बिघाड आधी दिसतो तो तिला, पण काय बघायचं हे माहीत असेल तरच.

श्वास मोजण्याचंच घ्या. आपला श्वास मोजला जातोय हे कळलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो. म्हणून आम्ही शिकवतो की आधी नाडी मोजा, मग मनगट न सोडता नजर छातीकडे न्या आणि पूर्ण मिनिटभर मोजा. रुग्णाला वाटतं, अजून नाडीच बघतायत. निरोगी मोठ्या माणसाचा आकडा 12 ते 20 असतो. कालपर्यंत 16 असलेला आज 26 झाला, तर बीपी अजून ठीक असलं तरी आत काहीतरी बिघडतंय. कित्येकदा बीपी खूप उशिरा घसरतं. हा आकडा न मोजता चार्टवर अंदाजे 18 लिहून टाकणं हा माझ्या लेखी मोठा गुन्हा आहे.

"मराठी माध्यमातून आलेल्यांचा निभाव लागत नाही"

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम आणि परीक्षा इंग्रजीत असतात, हे कबूल. पहिल्याच सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वं एकदम अंगावर येतात. पण वैद्यकीय शब्द तुकड्यांनी बनलेले असतात. 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी, शेवटी 'आयटिस' आलं की दाह. असे पन्नासेक तुकडे पाठ झाले की निम्मं पुस्तक ओळखीचं वाटू लागतं.

याची दुसरी बाजू मात्र कुणी सांगत नाही. पेशंट इंग्रजीत आजारी पडत नाही. गावाकडची मावशी 'चक्कर येते' म्हणते तेव्हा तिला नेमकं काय होतंय? उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर बीपी, रक्तक्षय, पाणी कमी पडणं यांकडे बघावं लागतं. खाट, छप्पर, सगळं घर गरगर फिरत असेल, तर कानाच्या आतला तोल बिघडल्याची शंका येते. शब्द एकच, वाटा दोन. 'कसंतरी होतंय' हे तर आणखी अवघड. मधुमेही माणूस असं म्हणाला आणि त्याला दरदरून घाम सुटला असेल, तर ताबडतोब रक्तातली साखर बघायची आणि डॉक्टरांना कळवायचं. साखर ठीक निघाली तरी छातीत दडपण आहे का, हे विचारायचंच, कारण मधुमेह्याला हृदयविकाराचा झटका फारसं न दुखताही येऊ शकतो. पोट डब्ब होणं, कणकण, उमाळे, हातापायाला मुंग्या, छातीत धडधड हे शब्द ज्याच्या कानावर लहानपणापासून आहेत, त्याला ते भाषांतर करून समजून घ्यावे लागत नाहीत. माझ्या वर्गात वऱ्हाडातली, कोकणातली, खानदेशातली मुलं असतात. पेशंटशी बोलण्याच्या प्रॅक्टिकलला तीच पुढे असतात.

"रक्त बघून घेरी येते, म्हणजे हे क्षेत्र माझं नाही"

पहिल्या वर्षी ड्रेसिंग बघताना घेरी येऊन खाली बसलेली मुलगी पुढे ऑपरेशन थिएटरची इनचार्ज झालेली मी पाहिली आहे. रक्त पाहून काहींच्या हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी मिळतं. ही शरीराची प्रतिक्रिया आहे, तिचा स्वभावाच्या कमकुवतपणाशी संबंध नाही. पोस्टिंगला उपाशीपोटी जाऊ नका. कान गुणगुणायला लागले, कपाळावर गार घाम आला, तर पाय एकमेकांवर टाकून मांड्या आणि पोट घट्ट आवळा. त्याने रक्तदाब सावरतो. तरीही अंधारी आली तर सांगून खाली बसा. न सांगता उभं राहण्याचा हट्ट केला, तर ट्रेवर पडून डोकं फुटतं. सरावाने बहुतेकांचा हा त्रास कमी होतो.

"हे हलकं काम आहे"

हे शब्द आता तोंडावर कमी ऐकू येतात, पण लग्नाच्या बोलणीत अजून डोकावतात. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि तिथल्या बायका ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला जाऊ लागल्या, तेव्हाही समाजाने नाकं मुरडली होती. बेडपॅन द्यावा लागतो का? लागतो. आणि देताना लघवीचा रंग, प्रमाण आणि पाठीवरची कातडी बघावी लागते. पडून असलेल्या माणसाच्या माकडहाडावर लालसर चट्टा दिसला आणि बोटाने दाबूनही तो पांढरा पडला नाही, तर ती बेडसोरची सुरुवात असते. तो चट्टा त्या क्षणी ज्याला दिसतो, त्याच्या कामाला हलकं म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही, त्यांना एकदा वॉर्डात न्यायचं आहे.

मुलग्यांविषयी थोडक्यात: बी.एस्सी. आणि जी.एन.एम. दोन्ही त्यांना खुले आहेत. वॉर्डात त्यांना 'ब्रदर' म्हणतात. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मात्र फक्त मुलींसाठी आहे.

आता फसवणुकीचं, कारण यात पैशासोबत वर्षंही जातात. 'सहा महिन्यांत नर्स व्हा' अशा फलकांखाली शिकवला जातो तो बहुधा रुग्णसहायकाचा कोर्स. ते कामही गरजेचं आहे, पण त्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. जी.एन.एम. तीन वर्षांचं आहे, त्याला बारावीची कोणतीही शाखा चालते, इंग्रजी विषय आणि 40 टक्के गुण लागतात. बी.एस्सी. चार वर्षांचं, त्याला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन बारावी लागते. फी भरण्याआधी विचारा, "या कोर्सनंतर परिषदेत नोंदणी कोणत्या नावाने होते?" उत्तर गोलगोल आलं तर उठून या.

हजेरीचंही आधीच समजून घ्या. बी.एस्सी.ला परीक्षेस बसण्यासाठी 80 टक्के हजेरी लागते, पण पदवी मिळण्याआधी वॉर्डातली हजेरी शंभर टक्के भरावी लागते. घरच्या लग्नासाठी चुकलेली पोस्टिंग पुढे भरून द्यावीच लागते. हे आईवडिलांना आत्ताच सांगून ठेवा.

बॅग भरताना लोक स्टेथोस्कोप आधी घेतात. त्याआधी सेकंदकाट्याचं घड्याळ घ्या, आणि मागे बंद असलेले, न घसरणारे बूट. नखं कापा. अंगठ्या आणि बांगड्या घरी ठेवा, कारण हात कितीही धुतले तरी त्यांच्याखाली जंतू उरतात. आणि हिपॅटायटिस बी ची लस आपल्याला मिळाली आहे का, हे लहानपणीच्या लसीकरणाच्या कार्डावर बघा. वापरलेली सुई टोचून हा आजार होऊ शकतो, आणि सुया तुमच्या हातात पहिल्याच वर्षी येतात. कार्ड सापडत नसेल किंवा त्यावर नोंद नसेल, तर डॉक्टरांना विचारून लस सुरू करा. पहिला डोस आज घेतला, तर दुसरा महिन्याने आणि तिसरा पहिल्या डोसपासून सहा महिन्यांनी.