मनीला अंगणात केव्हा सोडावे?

मनी तीन महिन्यांची झाली आणि दारापाशी बसून ओरडू लागली. "सोड गं तिला, मांजराची जातच ती!" हे सासूबाईंचे मत. गेल्या वर्षी बोक्याला असेच सोडले, तो परतलाच नाही. म्हणून यंदा मी हट्टाला पेटले आहे. पिलाच्या लशी 16 आठवड्यांपर्यंत चालतात. शिवाय मांजर चौथ्या महिन्यातही गाभण राहू शकते, आणि नऊ आठवड्यांत पिले! तेव्हा आधी शस्त्रक्रिया, मग अंगण. तेही प्रथम जेवणाआधी, आपल्या देखत. भुकेली मनी बशी वाजताच परतते. दारात वाहता रस्ता असेल, तर मात्र गॅलरीला जाळी लावून घरातच ठेवावी. आणि फटाके संपेपर्यंत दार बंदच! सासूबाई रुसल्या आहेत. मनी त्यांच्याच मांडीवर झोपली आहे.