कर्मचारी तक्रार करतात तेव्हा कंपन्यांचे उत्तर कुठे चुकते?

लार्सन अँड टुब्रोमधील एका कर्मचाऱ्याचा प्रश्न अगदी साधा होता : एवढ्या मोठ्या कंपनीत शनिवारी कामावर का यावे लागते? त्यावर अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन म्हणाले, की रविवारी तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याचीच आपल्याला खंत वाटते. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असेही त्यांनी विचारले आणि आठवड्याला ९० तास कामाचा दाखला दिला. जानेवारी २०२५ मध्ये ही चित्रफीत बाहेर आली आणि देशभर गदारोळ झाला. मग कंपनीचे निवेदन आले. त्यात राष्ट्रउभारणी होती, असामान्य यशासाठी असामान्य कष्ट लागतात हेही होते. शनिवारचा उल्लेख नव्हता.

कर्मचाऱ्यांच्या टीकेला दिलेली बहुतेक उत्तरे इथेच घसरतात. कर्मचारी एका ठरावीक गोष्टीबद्दल विचारतो आणि कंपनी आपल्या प्रतिमेबद्दल बोलत राहते.

पुण्यातील पत्रानंतर काय झाले?

याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण पुण्यातले आहे. ईवाय या लेखापरीक्षण आणि सल्लागार कंपनीच्या पुणे कार्यालयात मार्च २०२४ मध्ये रुजू झालेल्या २६ वर्षांच्या चार्टर्ड अकाउंटंट तरुणीचा जुलैमध्ये मृत्यू झाला. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या भारतातील अध्यक्षांना पत्र लिहिले. कामाच्या असह्य ताणाने मुलगी खचत गेली, असा त्यांचा आरोप होता. पत्रातले तपशील नेमके होते : रात्री उशिरापर्यंत चालणारे काम, सुटीच्या दिवशीही येणाऱ्या जबाबदाऱ्या आणि अंत्यसंस्काराला कंपनीतील कोणीही न येणे.

कंपनीने शोक व्यक्त केला. पत्राची गांभीर्याने दखल घेतल्याचेही सांगितले. मात्र अध्यक्ष राजीव मेमाणी यांनी एका वृत्तपत्राला सांगितले, की तिला इतरांसारखेच काम दिले होते आणि कामाच्या ताणाने जीव गेला असे आपल्याला वाटत नाही. पुढे त्यांनी अंत्यसंस्काराला कोणी न गेल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, पण हे आमच्या संस्कृतीला धरून नाही, अशी पुस्तीही जोडली. मृत्यूचे कारण काय, हा वैद्यकीय आणि कायदेशीर प्रश्न आहे. पण ‘इतरांसारखेच काम’ या वाक्यातून इतरांनाही किती काम आहे, हा प्रश्न उभा राहतो, आणि आईचे पत्र नेमके तेच विचारत होते.

त्यानंतर राज्याच्या कामगार विभागाने कार्यालयाची पाहणी केली. तेव्हा २००७ पासून सुरू असलेल्या या कार्यालयाकडे दुकाने आणि आस्थापना कायद्याखालील नोंदणीच नसल्याचे समोर आले. नोंदणीसाठी अर्ज झाला होता तो फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि इतक्या वर्षांच्या विलंबामुळे तो फेटाळला गेला होता. कामाचे तास ठरवून देणारा कायदा हाच. संस्कृतीबद्दल बरेच बोलून झाल्यावर उघड झालेली गोष्ट कागदोपत्री आणि अगदी रुक्ष होती.

तक्रारीमागे काय दडलेले असते?

हा प्रश्न जुना आहे. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला ठरलेले प्रश्न विचारले जात. पण कामगार विषय सोडून स्वतःला हवे तेच बोलतात, हे लक्षात आल्यावर मुलाखत घेणाऱ्यांना फक्त ऐकायला सांगण्यात आले. एक कामगार तुकड्यावर मिळणारा दर कमी असल्याची तक्रार करत होता. बोलता बोलता कळले, की त्याची बायको रुग्णालयात होती आणि डॉक्टरांच्या बिलाची चिंता त्याला पोखरत होती.

यातून व्यवस्थापनशास्त्राने शिकवण घेतली, की वरवरच्या तक्रारीमागचे खरे दुःख शोधावे. शिकवण चांगली आहे, पण तिचा गैरवापरही तितकाच सोपा. दर खरोखर कमी असेल तर? पगार मागणाऱ्याला समुपदेशकाकडे पाठवणे आणि जादा तासांबद्दल बोलणाऱ्याला ध्यानधारणेचे ॲप देणे, हे त्याच शिकवणीचे आजचे विकृत रूप म्हणावे लागेल. आणि खरे तर रुग्णालयाच्या बिलाची चिंताही आरोग्य विम्याने मिटते, कान देऊन ऐकल्याने नाही.

सुविधा वाढवून प्रश्न सुटतो का?

कधी कधी सुटतो. ऑगस्ट २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने शंभराहून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलून ॲमेझॉनच्या कार्यसंस्कृतीवर प्रदीर्घ वृत्तांत छापला. जेफ बेझोस यांनी कर्मचाऱ्यांना लिहिले, की यात वर्णन केलेली ॲमेझॉन आपल्या ओळखीची नाही. असे प्रकार दिसल्यास थेट आपल्याला कळवा. दोन महिन्यांनी कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीर लेख लिहून वृत्तांतातील एका माजी कर्मचाऱ्याने नोकरी का सोडली, हेच उघड केले. हे उत्तर बोलणाऱ्या एकाला असले, तरी न बोललेल्या हजारोंनी ते वाचले. पण त्याच नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने पालकत्व रजा वाढवली आणि पुढच्या वर्षी कामगिरी मूल्यमापनाची पद्धत सुटसुटीत करण्याची घोषणा केली. कंपनीने टीका खोटी ठरवली आणि पुढे बदलही केले. नकार मात्र लोकांच्या जास्त लक्षात राहिला.

एप्रिल २०२१ मध्ये बेसकॅम्प या छोट्या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीत याच्या उलट घडले. ग्राहकांच्या ‘गमतीदार’ नावांची एक जुनी यादी कंपनीत फिरत असे. तिच्यातल्या हेटाळणीवर कर्मचाऱ्यांनी बोट ठेवले आणि वाद पेटला. मालकांनी कामाच्या ठिकाणी राजकीय-सामाजिक चर्चा बंद केली, समित्या बरखास्त केल्या आणि व्यायाम, शिक्षण वगैरेंसाठी मिळणारे भत्ते काढून त्याऐवजी रोख रक्कम दिली. भत्त्यांबाबतचा युक्तिवाद वाईट नव्हता : कर्मचाऱ्याने जिमला जावे की नाही, हे मालकाने का ठरवावे? पण हेटाळणीबद्दल बोलणाऱ्यांना ‘बोलू नका’ हेच उत्तर मिळाले होते. सोडून जाणाऱ्यांना कंपनीने सहा महिन्यांपर्यंतचा पगार देऊ केला, आणि सुमारे एक तृतीयांश कर्मचाऱ्यांनी तो घेतला.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलेली गोष्ट इथे उपयोगी पडते. नाराज माणसापुढे दोन वाटा असतात : आवाज उठवणे किंवा निघून जाणे. निष्ठा असेल तर तो आधी आवाज उठवून पाहतो. म्हणजे तक्रार करणारा कर्मचारी बहुधा अजून थांबायला तयार असतो. ज्याने आशा सोडली तो शेवटच्या मुलाखतीत ‘वैयक्तिक कारण’ सांगून निघून जातो.

कायदा किती मदत करतो?

थोडीच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात, पुण्यातील प्रकरण घडले त्या वेळी, दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. जादा कामाला दुप्पट मोबदला. पण व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना ती लागू नाही. त्यामुळे पदनामात ‘मॅनेजर’ आले की तासांचा हिशेब धूसर होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य असतात आणि ३० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. मात्र व्यवस्थापक आणि महिना १८ हजारांहून अधिक पगार असलेले पर्यवेक्षक त्या व्याख्येत बसत नाहीत. कार्यालयीन नोकरदारांपैकी अनेकांची तक्रार म्हणूनच शेवटी साहेबांच्या मर्जीवर उरते.

मग बरे उत्तर कसे असते?

२०१८ मध्ये लैंगिक छळाची प्रकरणे हाताळण्याच्या पद्धतीविरुद्ध गुगलचे वीस हजारांहून अधिक कर्मचारी काही काळ काम थांबवून बाहेर पडले. त्यांच्या मागण्यांची यादी छोटी आणि स्पष्ट होती. अशा प्रकरणांत न्यायालयाऐवजी लवादाची सक्ती नको, ही त्यातील एक मागणी कंपनीने आठवडाभरात मान्य केली. संचालक मंडळावर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असावा, ही मागणी मात्र मान्य झाली नाही. पुढे दोन आयोजकांनी आपल्यावर सूड उगवला जात असल्याचा आरोप केला आणि कंपनीने तो नाकारला. म्हणजे हा आदर्श मुळीच नाही. पण काय बदलले आणि काय नाही, हे कर्मचाऱ्यांना मोजता आले.

छोट्या कंपनीलाही एवढे जमू शकते. आठ तक्रारी आल्या असतील तर आठांना वेगवेगळे उत्तर द्यावे : ही तीन कामे अमुक तारखेपर्यंत होतील, या दोन पैशांअभावी यंदा होणार नाहीत, उरलेल्यांबाबत आमचे मत वेगळे आहे आणि त्याची कारणे ही. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, कृपया एचआरशी संपर्क साधा’ या ठोकळेबाज वाक्यापेक्षा स्पष्ट नकार अधिक सन्मानाचा असतो. आणि ज्या साहेबाबद्दल तक्रार आहे, त्याच्याच टेबलावर ती चौकशीसाठी जाणार नाही, एवढी खबरदारी पहिल्याच दिवशी घेता येते. त्याला तर पैसेही लागत नाहीत.